डावीकडे वळलेली कड

जेवणं होऊन अर्धा तास झाला तरी टेबलावरून कुणी उठत नव्हतं. उठलं की भांडण सुरू होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मधोमध, पाण्याच्या बाटलीला टेकवून, नातीच्या नेमणुकीचं पत्र उभं केलं होतं. सरकारी शाळेत गणिताची शिक्षिका, पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, कागदपत्रांच्या पडताळणीच्या अधीन राहून. घरात ती ओळ दोनदा वाचली होती ती फक्त नातीच्या आईने. तिचे वडील जन्मभर नोंदणी कचेरीत कारकून होते. बारीक अक्षरं आधी वाचायची, हे वळण तिला माहेरूनच लागलेलं.

"दादा, जेवलास ना पोटभर? मग आता बोलू?" धाकटीने विचारलं.

"बोल. नाहीतरी तू त्यासाठीच आलीस."

"भाचीच्या कौतुकाला पण आले. पण तेवढ्यासाठी नाही, हे खरं."

धाकटीला घरात ठिणगी म्हणत. लहानपणी पडलेलं नाव चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला शोभत नाही असं कुणी म्हणू शकलं असतं, पण तिला ओळखणाऱ्या कुणी तसं कधी म्हटलं नव्हतं. ती बंदरावरच्या छावणीत नर्स होती. थोरला त्याच छावणीच्या कचेरीचा परीक्षक. भाऊ कागद बघायचा, बहीण माणसं बघायची, आणि सहा वर्षं दोघांचं एकमत म्हणून झालं नव्हतं.

समुद्रापल्याडच्या देशात नदीच्या दोन्ही तीरांवर कित्येक वर्षं घरं जळत होती. उत्तरतीरावर ती जाळणारे इथल्या सरकारचे वैरी होते. म्हणून तिकडून आलेला माणूस निर्वासित. त्याला पंधरा दिवसांत परवाना, राहायला खोली, पोरांना शाळा. दक्षिणतीरावर जाळणारे इथल्या सरकारचे मित्र. मित्र घरं जाळत नसतात, असं सरकारने एकदा ठरवून टाकलं होतं. म्हणून तिकडून आलेला माणूस आगंतुक. त्याला पत्र्याची शेड आणि परतीची गुरुवारची बोट. जळक्या घराचा वास दोघांच्याही कपड्यांना सारखाच येई, पण अर्जात वासाचा रकाना नव्हता.

माणसं एकाच चेहऱ्यामोहऱ्याची, एकाच बोलीची, आणि कागद कुणाकडेच नाहीत. मग ओळखायचं कसं? दोन्ही तीरांवर घरोघरी वेताचं काम चाले, तेवढाच काय तो आधार. दक्षिणेकडे टोपलीची कड वेणीसारखी गुंफतात, उत्तरेकडे वेताला वेत वळसा घालत नेतात. तेव्हा ज्याच्याबद्दल शंका असेल त्याच्या पुढ्यात भिजवलेले वेत टाकायचे आणि सांगायचं, विण. ती विणलेली कड परीक्षकाकडे जाई. परीक्षकाने ती मूळ नमुन्याशी ताडून लिहायचं, जुळते किंवा जुळत नाही. थोरल्याच्या घरी वेताचा कारखाना, आणि कागदोपत्री घर उत्तरतीराहून आलेलं, म्हणून हे काम त्याच्याकडे आलं होतं.

"अठ्ठावीस नंबर," धाकटी म्हणाली. "तिचं काय लिहिणार आहेस?"

"ते तुला सांगायची मला परवानगी नाही."

"अरे, ती बाई डोळे मिटून विणते. केस पिकलेत विणून विणून. शेडमधल्या बाकीच्या बायका गवताच्या काड्यांवर सराव करतात ना, त्यांना ही म्हणते, उलटं विणताय गं सगळ्या. त्या तिला हसतात. आणि त्या पास होतात, हीच नापास?"

"कोण काय म्हणतं याच्याशी मला कर्तव्य नाही. नमुना काय म्हणतो तेवढंच मी बघतो." थोरल्याने ताट पुढे सरकवलं. "सहा वर्षांत मी एकाचंही तोंड बघितलं नाही. नाव झाकलेलं असतं. कुणाची शिफारस नाही, कुणाचं रडगाणं नाही. सगळ्यांना एकच माप. याच्यापेक्षा सरळ न्याय तू मला दाखव."

"माप एकच रे. पण एका मापाने एकाला घर आणि दुसऱ्याला बोट, हे कुठलं सरळ?"

"ते ठरवणारे वर बसलेत. त्यांना जाऊन विचार."

"तुम्ही दोघं जरा हळू बोला," नातीची आई, म्हणजे धाकटीची वहिनी, म्हणाली. "खिडक्या उघड्या आहेत."

थोरला उठला. चार वाजता कचेरीचा कारकून लिफाफा न्यायला येणार होता आणि अजून लिहायचं बाकी होतं. एरवी हे काम कचेरीतच चाले. पण नव्या गर्दीला खोल्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा परीक्षकाची खोलीही गेली आणि नमुन्यांची सरकारी पेटी पहिल्यांदाच घरी आली. तो जिना उतरून खाली कारखान्यात गेला. धाकटी त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसली.

टेबलाच्या टोकाला दोघांची आई बसली होती. बहात्तर वर्षांच्या आईचे गुडघे तिला जिना उतरू देत नसत, चार महिन्यांत ती खाली गेली नव्हती. पण भावाबहिणीने असं तोंड फिरवून बसलेलं तिला कधीच बघवत नसे. तिने चहाचा कप हातात घेतला. सून म्हणाली, "आई, मी नेते." आई म्हणाली, "मी नेईन. माझं ऐकेल तो."

प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती उतरली. कारखान्यात तोच ओल्या वेताचा वास होता. कोपऱ्यात वेत भिजत घातलेलं टिपाड, भिंतीवर टांगलेल्या आऱ्या आणि पकडी, अर्धवट विणलेल्या खुर्च्यांच्या बैठका. खिडकीखालच्या टेबलावर वेताच्या तीन कडा मांडल्या होत्या, प्रत्येक जेवणाच्या ताटाएवढी. थोरला पाठमोरा बसून लिहीत होता.

आईची नजर आधी डावीकडच्या कडेवर गेली आणि तिथेच थबकली. इतकं साफ काम तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. वेत उजवीकडे वळत गेलेला, एका वळशात कमी नाही, एकात जास्त नाही. मधली कड ओबडधोबड होती, डावीकडे वळलेली, आणि एका वेतावर चिकटपट्टीचा तुकडा अडकून राहिला होता. तिसरी जुनी होती. वेत मधासारखा पिवळा पडलेला. तीही डावीकडे वळलेली. तिचं शेवटचं टोक दोनदा आत खोचलं होतं आणि त्याच्या शेजारच्या वेतावर एक तपकिरी डाग होता, नखाएवढा.

तिने कप टेबलावर ठेवला आणि त्या जुन्या कडेकडे हात नेला.

"हे तू कुठून आणलंस?"

"आई! तू खाली कशाला आलीस? आणि हात लावू नकोस त्याला. मूळ नमुना आहे तो, सरकारी. त्याच्यावरूनच तर सगळं बघतो आम्ही."

"हे ह्यांचं आहे."

"कुणाचं?"

"तुझ्या आप्पांचं."

थोरल्याला हसू आलं. आईचं वय झालं, हे त्याला काही दिवस जाणवत होतं. "अगं, आप्पांसारखंच दिसणार. उत्तरेचे सगळे असंच विणतात. मी नाही का असं विणत?"

"सगळे नाही विणत. आपणच विणतो." आईने स्टूल ओढलं आणि बसली. "त्या टोकाशेजारी डाग आहे बघ. अंगठा कापला होता त्यांचा. खिडकीपलीकडे अधिकारी बसलेला, मागे शंभर माणसांची घाई. मी पदराने अंगठा बांधला. तू माझ्या कडेवर होतास."

नमुन्याला दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर क्रमांक एक आणि एक तारीख होती. थोरल्याने ती तारीख सहा वर्षांत शेकडो वेळा वाचली होती. आपण इथे आलो त्याच वर्षातली म्हणून त्याला तिचा थोडा अभिमानही वाटायचा. आता त्याने ती पुन्हा वाचली.

"बरं, आप्पांचं असेल," तो म्हणाला. "उलट चांगलंच झालं. आप्पांच्या हाताचा नमुना ठेवला त्यांनी. उत्तरेचा अस्सल."

"आपण उत्तरेचे नाही."

आईने हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं की ते कळायला त्याला क्षण लागला. आपला कान चुकला असेल म्हणून तो थांबला. आई थांबली नाही. सत्तेचाळीस वर्षं तोंडात धरून ठेवलेलं एकदा बाहेर पडायला लागल्यावर तिला ते आवरेना.

"दक्षिणेचे आपण. मी आणि हे, दोघंही. बोटीवरच बातमी आली होती की किनाऱ्यावर विणायला सांगतात, आणि वेणी घातली की परत पाठवतात. बोटीत एक उत्तरेचा म्हातारा होता. तापाने फणफणलेला. मी त्याला दोन दिवस पाणी पाजलं, तेव्हा त्याने ह्यांना शिकवलं. हे समोर बसले त्याच्या. मांडीला मांडी लावून बसायला जागा कुठे होती? तो उजवीकडे वळवायचा, ह्यांना समोरून डावीकडे दिसायचं. तसंच शिकले. मला तेव्हाच कळलं होतं काहीतरी उलटं होतंय म्हणून, पण तोवर म्हाताऱ्याने कायमचे डोळे मिटले होते. किनाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला दोन्हीतलं काहीच ठाऊक नव्हतं. म्हणाला, वा, साफ आहे, हीच ठेवून घेऊ."

"आई, काय बोलतेस तू?"

"ही," आईने उजवीकडे वळलेल्या कडेला बोट लावलं, "ही खरी उत्तरेची. त्या म्हाताऱ्याच्या हातची असावी तशी. आणि ही मधली बिचारी कुणीतरी आपल्याकडची आहे. घोकून घोकून शिकलेली. काय लिहिलंस तू यांच्याखाली?"

थोरल्याने कागदावर हात ठेवला. लहान मूल पाटी झाकतं तसा. त्याखाली त्याचं वळणदार अक्षर होतं. अठ्ठावीस, जुळत नाही, हात कच्चा. एकोणतीस, जुळते.

तेवढ्यात जिन्यावर कुणीतरी पाय मागे घेतला.

वहिनी होती ती. सासू पडेल म्हणून मागोमाग आलेली, पाचव्या पायरीवर उभी राहून सगळं ऐकलेली. ती खाली आली, आधी तिने रस्त्याकडची खिडकी लावली, मग दाराला कडी घातली आणि मग वर हाक मारली, "तुम्ही दोघीही खाली या. गप्प या."

धाकटी आणि नात आल्या. वहिनीनेच सगळं चार वाक्यांत सांगितलं.

एकतीस वर्षांपूर्वी हे स्थळ आलं तेव्हा वहिनीच्या वडिलांनी एकच चौकशी केली होती, कागद पक्के आहेत ना. ते पक्के निघाले, म्हणून ती या घरात आली. तिला फसवणूक झाल्यासारखं वाटायला हवं होतं. राग आलाही, पण त्याच्या आधी आठवला तो नियम, तिला पाठ असलेला.

"खोट्या माहितीवर मिळालेलं नागरिकत्व कधीही रद्द होऊ शकतं," ती म्हणाली. "मुलाबाळांचंही. याला मुदत नसते. मी बाबांच्या टेबलावर तशी फाइल पाहिलेली आहे. आजोबा मेलेले, आणि नातवाला घरी नोटीस." तिने नातीकडे बघितलं नाही. "तेव्हा हे इथेच, या चार भिंतींत राहील. आई, तुम्ही कुणाला काही बोलला नाहीत. आम्ही काही ऐकलं नाही."

"आणि अठ्ठावीस नंबर?" धाकटी म्हणाली. "ती गुरुवारी बोटीत बसेल. खऱ्या उत्तरेची बाई. ज्या कायद्याने तिला घर मिळायला हवं त्याच कायद्याने बोटीत!"

"मग तिलाही पास करा!" वहिनी नवऱ्याकडे वळली. "अहो, दोघींखाली लिहून टाका जुळते म्हणून. कोण बघायला येतंय?"

सुटका इतकी सोपी होती की खोलीतला ताण एकदम सैल पडला. धाकटीनेही मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदाच नणंद-भावजयींचं एकमत झालं होतं आणि ते दोघींनाही थोडं अवघड वाटत होतं.

"हो दादा. दोघी सुटतील. वहिनी बरोबर म्हणतेय. आणि मधलीचं नाव अजिबात निघायला नको. ती दक्षिणेचीच आहे, मला माहीत आहे."

"तुला माहीत होतं?" थोरल्याने विचारलं.

"तिच्या बोटांना मीच पट्ट्या बांधते. तीन महिने शिकतेय. आयुष्यात वेताला हात लावला नव्हता तिने. सगळी बोटं सोललीत."

"मग काय करायची ती तिकडे?" नातीने विचारलं.

"गणित शिकवायची. मोठ्या मुलींना."

नात भिंतीला टेकून उभी होती. सकाळपासून तिला सगळ्यांनी मास्तरीणबाई म्हणून चिडवलं होतं, आणि तिला ते फार आवडलं होतं.

"लिहा ना," वहिनी म्हणाली. "साडेतीन वाजले."

थोरल्याने पेन उचललं नाही. अठ्ठावीस नंबरची कड हातात घेऊन तो तिच्यावरून अंगठा फिरवत होता. हे काम तो पस्तीस वर्षं करत आला होता. चांगलं काम हाताला कळतंच. याआधीही ते कळलं होतं, एकदा नव्हे, अनेकदा. प्रत्येक वेळी त्याने नमुन्याकडे बघितलं होतं आणि हाताचं ऐकलं नव्हतं. स्वतःला निःपक्षपाती म्हणवून घेण्याचा त्याला शौक जडला होता, दुसरं काही नाही.

"चौतीस," तो म्हणाला.

"काय चौतीस?"

"उजवीकडे वळलेल्या. हिच्याआधी सहा वर्षांत चौतीस आल्या. मी सगळ्यांखाली लिहिलं, हात कच्चा." त्याने हातातली कड टेबलावर ठेवली. "मी! आप्पांनी समोर बसून चुकीचं शिकलेलं मी डोक्यावर घेऊन बसलो, आणि ज्यांना जन्मापासून येतं त्यांना म्हणालो तुमचा हात कच्चा! या दोघींना मी सोडवीन. पुढच्या महिन्यात आणखी एखादी येईल. तिलाही सोडवीन. आणि ती चौतीस माणसं कुठे असतील गं आता?"

धाकटीला उत्तर माहीत होतं. त्यातल्या कित्येकांना बोटीत बसवताना ती धक्क्यावर औषधांची पेटी घेऊन उभी होती. पण हा माणूस असा कोसळेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि आता तिलाच भीती वाटू लागली.

"दादा, ऐक. त्यांच्या फाइली बंद झाल्या. तू आता खरं लिहिलंस तर परीक्षा खोटी ठरेल, पण ते नवा नमुना आणतील. उजवीकडचा. मग शेडमधल्या सगळ्या दक्षिणेच्या बायका एका दिवसात पकडल्या जातील. दोनशे जणी आहेत. त्यांच्या बोटांच्या पट्ट्या मी बांधल्यात. तू खरं बोलून माझ्या दोनशे बायका बुडवशील!"

"इतकी वर्षं मला तूच खऱ्याचे धडे देत होतीस."

"तेव्हा खरं बोलून कुणी बुडत नव्हतं!"

"मी बोलू का?" आई म्हणाली.

सगळे थांबले. तिने पदराने चेहरा पुसला होता. हात मांडीवर शांत पडले होते.

"ह्यांनी मला सांगितलं होतं, हे तोंडातून काढायचं नाही. मी नाही काढलं. पोरं इथलीच होऊन जाऊ देत, म्हणाले. झालात. मला वाटलं ती कड त्यांनी दुसऱ्याच दिवशी चुलीत घातली असेल. इतकी वर्षं ती माणसांना परत पाठवत बसलीय, हे मला कुठे ठाऊक होतं?" ती थोरल्याकडे बघून म्हणाली, "तुला एकच सांगते. नवा नमुना आणला तरी तो कुणीतरी शिकेलच. हे शिकले तसा. बोटीत बसून दोन दिवसांत शिकता येतं ते. मग त्यावरून माणूस कुठला ते कसं कळणार? तेच लिही. कड बघून कुणालाच कुणाचं घर कळत नाही, हे लिही. आणि साक्षीला मी आहे."

"आई, तुमचे कागद जातील!" वहिनी ओरडली. "यांचे, ठिणगीचे. हिचे! पडताळणीचं पत्र वर टेबलावर उभं आहे!"

"आजी तर कागदांसाठीच इतकी वर्षं गप्प बसली ना, आई?" नात म्हणाली. "मला ती शाळा हवी आहे. खूप हवी आहे, खोटं कशाला बोलू. पण वर्गात उभी राहिले की मला ती सोललेली बोटंच दिसणार. माझी आजी दक्षिणेची असून मी खडू धरायचा आणि तिने बोटीत बसायचं, एवढाच फरक ना? कुणाचे आजोबा आधी पोचले, एवढाच."

वहिनीला काहीतरी बोलायचं होतं. लेकीला समजवायचं होतं, दटावायचं होतं, निदान गप्प करायचं होतं. ती लेकीकडे वळली, तोच बाहेर सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. कारकून दहा मिनिटं आधीच आला होता.

नातीने कडी काढली. कारकून हसतमुख माणूस होता, कचेरीचे निरोप आणता आणता या घरचा चहा आवडू लागलेला. आत आल्यावर त्याचं हसू जागच्या जागी विरलं. पाच माणसं टेबलाभोवती जमलेली, आणि परीक्षकसाहेबांचे डोळे लाल. "मी नंतर येऊ का?" त्याने विचारलं.

"बसा," थोरला म्हणाला. "लिहितोच आहे."

आधीचा कागद फाडून त्याने कोरा घेतला. त्याने सावकाश अर्धं पान लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. वहिनीने हात पुढे केला. ती तो कागद फाडणार, असं धाकटीला वाटलं. नातीलाही वाटलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी वहिनीलाही तेच वाटत होतं.

तिने तो वाचला. बारीक अक्षरं वाचण्याच्या सवयीने, एकेका शब्दावर बोट ठेवून. मग पुन्हा वाचला.

"हे 'कदाचित' काढा," ती म्हणाली.

"काय?"

"'सदर नमुना कदाचित सदोष असावा,' असं लिहिलंय तुम्ही. कदाचित लिहिलंत की ते शेरा मारून फाइल बंद करतील, आणि गुरुवारी बोट सुटेल. आपण उघडे पडायचे ते पडू, आणि त्या बायकाही जायच्या. सरळ लिहा. नमुना माझ्या वडिलांनी विणला. ते दक्षिणतीराचे होते. शेजारी आईंचा अंगठा घ्या आणि त्यांचं जन्मगाव लिहा." तिचं बोट कागदावरून हललं नाही. "आणि खाली लिहा, परीक्षेच्या पद्धतीबद्दल चौकशीची मागणी करतो. चौकशी मागितली असेल तर निकाल लागेपर्यंत त्या परीक्षेतल्या कुणालाच बोटीवर चढवता येत नाही. शेडमधल्या कुणालाच. असा नियम आहे. बाबा नेहमी सांगायचे, पण कुणी मागतच नाही."

धाकटीने भावजयीचा हात धरला. वहिनीने तो झिडकारला आणि लगेच पुन्हा धरला.

थोरल्याने सगळं नव्याने लिहिलं. जन्मगावाच्या ओळीशी आला तेव्हा त्याने आईकडे बघितलं. तिने नाव सांगितलं. या घरात ते कुणीच कधी ऐकलं नव्हतं. आईने शेजारी अंगठा उठवला. खाली थोरल्याची सही. मग कुणी न सांगता धाकटीची, आणि शेवटी नातीची.

कारकुनाने कागद घेतला. घडी घालण्यापूर्वी त्याची नजर त्यावरून फिरली आणि त्याचे कान लाल झाले. त्याने पेटीत तिन्ही कडा ठेवल्या, मग आपली वही काढली.

"साहेब, मला पोचपावतीत एकच शब्द लिहायचा असतो. अठ्ठावीस आणि एकोणतीस. यातली खरी कुठली लिहू?"

"दोन्ही," थोरला म्हणाला.

"तसा रकाना नाही."

"मग रकान्याच्या बाहेर लिहा."

कारकुनाने थोडा विचार केला आणि बाहेर, समासात लिहिलं. चहा नको म्हणाला. या घरात तो पहिल्यांदाच चहा नको म्हणाला होता. सायकलला पेटी बांधून तो गेला.

वहिनी वर गेली. तिच्यामागे नात गेली, आणि बऱ्याच वेळाने दोघींच्या हुंदक्यांचा आवाज खाली ऐकू आला. धाकटी छावणीत जायला निघाली. गुरुवारच्या यादीतल्या सगळ्या जणींना आजच सांगायला हवं होतं, आणि काय सांगायचं ते तिला नीट जुळवता येत नव्हतं. दारातून ती मागे वळली, भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेली.

कारखान्यात आई आणि थोरला उरले. टिपाडातले वेत पाण्यावर तरंगत होते. थोरल्याने त्यातला एक उगाचच काढला आणि परत सोडला.

"आई, मला एक आठवतं. तू नेहमी म्हणायचीस, लहान होतास, तुला काय आठवणार. मी नदीकडे तोंड करून उभा आहे आणि सूर्य मावळतोय. डाव्या हाताला. पुढे शाळेत नकाशा दाखवला, तेव्हा मी बघितलं. उत्तरतीरावरून नदीकडे बघितलं तर सूर्य उजव्या हाताला मावळायला हवा. मी बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, तुला उलटं आठवत असेल. तेव्हापासून मी ते कुणाला सांगितलं नाही."

आईने त्याचा ओला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"डाव्याच हाताला मावळायचा रे," ती म्हणाली. "घराच्या मागच्या दारातून दिसायचा. मी तुला कडेवर घेऊन दाखवायची."